एक तास पंचवीस मिनिटांचं माहेर

माझी रोजीरोटी वेळेवर चालते. मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे स्टँडवर जाळीच्या खिडकीआड बसून भोंग्यावर गाड्या पुकारायच्या आणि उरलेल्या वेळात ‘गाडी कवा लागंल’ या एकाच प्रश्नाला दिवसभर उत्तरं द्यायची. शेवगावच्या स्टँडवर बारा वर्षं काढली, मग घराजवळ बदली मिळाली. जिल्ह्यातली कुठलीही दोन गावं सांगा, मी अंतर आणि वेळ सांगतो. अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला भंडारदऱ्याकडे जायचं असेल तर घाट, धुकं आणि रस्त्यात बसलेल्या म्हशी धरून वेळ सांगावी लागते. तीही माझी सहसा चुकत नाही. घरात यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. बायको म्हणते की, आमच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी मुलाचं शिक्षण विचारायच्या आधी ते कोणत्या रस्त्याने आले हे विचारलं. विचारलं होतं. चुकीच्याच रस्त्याने आले होते ते.

म्हणून मुलीने मोबाईलवर ‘शिर्डी ते हैदराबाद’ टाकून एक तास पंचवीस मिनिटं असं वाचून दाखवलं, तेव्हा मी फोन तिच्या हातातून घेतला. सरळ रेषेत अंतर पाचशे किलोमीटरच्या थोडं वर. आमच्या हिशेबात सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे चौऱ्याऐंशी टप्पे झाले. चौऱ्याऐंशी टप्पे, आणि मध्ये चहापुरताही थांबा नाही. आमच्या कोल्हारहून नगरला जायला एवढाच वेळ लागतो, आणि तोही रस्त्याने मनावर घेतलं तर. मी दोनतीनदा गणित करून पाहिलं. गणित बरोबर होतं.

हैदराबाद आमच्या घरात एकाच कारणाने माहीत आहे. तिथे माझी आत्या असते. ती दादांपेक्षा, म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठी. आज तिचं वय ऐंशी. लग्न होऊन कोपरगावच्या बाजूला गेली, आणि दोनच वर्षांत तिच्या यजमानांना हैदराबादेत काम लागलं. तेव्हापासून ती तिकडची झाली. ‘व्हय’ऐवजी ‘हौ’ म्हणते, भाताबरोबर चिंचेचं सार खाते, पण माहेराच्या बाबतीत तिचा कायदा कोल्हारचाच राहिला. माहेरी जायचं ते न्यायला मुराळी आला तरच. पंचमीला, दिवाळीला सासरी गेलेल्या लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुराळी. भाऊ असला तर उत्तम, नाहीतर भाचा. आजकाल मुली स्वतःच स्कूटीवर येतात आणि जातात, कुणी मुराळ्याचं नाव काढत नाही. आत्याला हे सांगायची सोय नाही.

दादांनी ही मुराळीपणाची नोकरी पन्नासेक वर्षं केली. पंचमीच्या आधी आठवडाभर ते निघायचे. कोल्हारहून मनमाडपर्यंत लाल गाडी, तिथून रात्रभर रेल्वे, दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारात. तिथे चार दिवस मुक्काम व्हायचा, कारण मुराळ्याला पहिल्याच दिवशी लेक दिली तर सासरची शोभा जाते. मग बहीण-भाऊ त्याच रेल्वेने परत यायचे. कोल्हारला उतरेपर्यंत दोघांचं बोलून बोलून नरडं बसलेलं असायचं.

मग दादांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रेल्वेचा डबा चढणं बंद झालं. मुराळीपण रीतसर माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी मी म्हणालो, दादांचं सगळं नीट होऊ दे. पुढची दोन वर्षं साथीत गेली, तेव्हा कुणीच कुठे जात नव्हतं. चौथ्या वर्षी सणाची गर्दी, रजा कोण देणार. पाचव्या वर्षी मुलीची परीक्षा. सहाव्या वर्षी कारण काय होतं ते मला आठवत नाही, पण होतं. दर वर्षी मी फोनवर आत्याला ते ऐकवायचो आणि ती ‘बरं’ म्हणायची. तिच्या मुलाने, माझ्या आतेभावाने, एकदा सुचवलं की आईला इकडून विमानात बसवून देतो, चाकाची खुर्ची मिळते, तिकडे तुम्ही उतरवून घ्या. त्यावर आत्याने त्याला विचारलं, मी काय पार्सल हाय का? तो विषय तिथेच मिटला.

यंदा जूनमध्ये तिचा स्वतःहून फोन आला. इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

“औंदा पंचमीला न्यायला या,” ती म्हणाली. “फुडल्या सालाचं मी काय सांगत न्हाई.”

ऐंशीव्या वर्षी माणूस असं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ विचारायचा नसतो. दादांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर जाऊन गोठ्यात उगाचच गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. त्याच संध्याकाळी मुलीने विमान शोधलं. जाणारं सकाळी होतं, येणारं संध्याकाळी. आणि इथे माझ्यातला वाहतूक नियंत्रक जागा झाला.

मी कागद घेऊन बसलो. सकाळी कोल्हारहून काकडी गावातल्या शिर्डी विमानतळावर, तासाभराचा रस्ता. विमान वर एक तास पंचवीस मिनिटं. हैदराबादला उतरल्यावर परतीच्या विमानाला तीन तास. विमानतळापासून आत्याचं घर गर्दीच्या टोकाला, जायला दीड तास, यायला दीड तास, शिवाय दोन तास आधी हजर राहायचं. बसत नव्हतं. मग मला एक सुरेख तोड सुचली. आम्ही घरी जायचंच कशाला? आत्यानेच बॅग घेऊन विमानतळावर यावं. दादा आणि मी उतरतो, ती तिथे तयार असते, अर्धा तास बसतो, चहा घेतो आणि तिघं मिळून परत येतो. गाडी शेवटच्या थांब्यावर जाते, वळते, परत निघते, तसं. म्हाताऱ्या माणसाला स्वयंपाकपाण्याचा त्रास नको, हा विचारही मी त्यात घातला होता. सकाळची धार काढून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला बहीण दारात हजर. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मी लगेच फोन लावला आणि आत्याला सगळं वेळापत्रक मिनिटांसकट वाचून दाखवलं.

तिने शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकून घेतलं.

“मुराळी उंबऱ्याशी येतो,” आत्या म्हणाली. “ष्टँडवर न्हाई येत.”

आणि तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आतेभावाने कळवलं की आईने भरायला काढलेली बॅग रिकामी केली, लुगडी परत कपाटात लावली आणि यंदा जायचं नाही असं जाहीर केलं. तो बिचारा मलाच विचारत होता की तू तिला नेमकं बोललास काय. मी म्हणालो, मी फक्त वेळ सांगितली.

मला राग आला. मी तसा तापट आहे, खिडकीआड बसून बसून आणखी झालोय. जेवताना मी तावातावाने दादांना समजावू लागलो की, यात अपमान कसला, सोय बघितली, अंतर कमी झालं तर जुन्या रीती थोड्या आखडायला नकोत का. दादा भाकरी कुस्करत होते. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

“दोन दिस लागायचे तवा मी चार दिस ऱ्हायचो,” ते म्हणाले. “आता दीड तास लागतुया, तर तू अर्धा तास ऱ्हानार. वाचलेला येळ कुनाच्या बापाला देनार हाईस?”

बायकोने वाढता वाढता पाठ फिरवली. ती हसत होती हे मला पाठीवरून कळलं. आयुष्यभर मी लोकांचा वेळ वाचवायच्या गोष्टी करत आलो, पण वाचलेल्या वेळाचं पुढे काय करायचं हे माझ्या कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. मला लाज वाटली. सहा वर्षांची लाज एकदम वाटली म्हटलं तरी चालेल.

दादांनी आत्याला फोन लावला. तिने घेतला नाही. पुन्हा लावला, सुनेने घेतला आणि सांगितलं, सासूबाई पूजेत आहेत. आत्याची पूजा तीन दिवस चालली. मग दादांनी नातीला बोलावून तिकिटं नव्याने करायला सांगितली. जायचं तेच विमान, आणि यायचं तीन मुक्काम टाकून, पंचमीच्या आदल्या दिवशी. परतीची तिकिटं तीन. तीन कशी काढायची, ती नाही म्हणालीय ना, असं मी विचारलं. दादा म्हणाले, मुराळी कधी मोकळ्या हाताने परत आलाय का? मी रजेचा अर्ज दिला. सहा वर्षं ज्या रजेचं मी रडगाणं गात होतो ती दहा मिनिटांत मंजूर झाली. त्या आधी मी अर्ज केलाच नव्हता हे मी घरी सांगितलं नाही. आता इथे सांगून टाकतो.

बायकोने शिदोरी बांधली. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू आणि गावच्या गुळाची एक ढेप, आत्याला चहात इकडचाच गूळ लागतो म्हणून. विमानतळावर मी जरा बावरलोच होतो, दादा मुळीच नाही. त्यांनी काठी, टोपी, बंडीच्या खिशातली तंबाखूची चंची असं एकेक निमूट ट्रेमध्ये काढून ठेवलं आणि पलीकडे जाऊन तसंच परत घेतलं. मी मात्र व्यवसायाच्या नजरेने सगळं पाहत होतो. आलेलं विमान अर्ध्या तासात वळवून लावलं, तेवढं काम चोख. पुकारणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता, पण एवढ्या हळू पुकारलं तर आमच्या स्टँडवर एकही माणूस गाडीत चढणार नाही. विमान अकरा मिनिटं उशिरा सुटलं. मला बरं वाटलं. आपण एकटेच नाही.

दादा खिडकीशी बसले. पंख्याचं लहान विमान होतं, वर ढग दाटले होते, मधल्या फटीतून उसाचे हिरवे तुकडे दिसायचे आणि जायचे. दादांनी एक धपाटं खाल्लं, दुसरं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. मला वाटलं कान दुखत असतील. तर ते म्हणाले, रेल्वेत अख्खी रात मिळायची, आक्काला काय बोलायचं ते ठरवता यायचं. इथे काही ठरायच्या आतच हैदराबाद येणार. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, दार नाही उघडलं तर? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गावात पंच म्हणून बसलेला, आणि बहिणीला एवढा भ्यायलेला. मीही भ्यायलो होतोच.

विमान टेकलं आणि टॅक्सीत बसलो. तिथून आत्याच्या घरापर्यंत एक तास पन्नास मिनिटं लागली. आकाशातले चौऱ्याऐंशी टप्पे एकीकडे आणि हे सहासात टप्पे एकीकडे. चारचार सिग्नलला तेच तेच रिक्षावाले भेटत होते, शेवटी एकाशी ओळख झाली. मी घड्याळ बघून चिडत होतो आणि दादा मात्र खुलत चालले होते. त्यांना ठरवायला वेळ मिळाला होता.

दार आतेभावाच्या बायकोने उघडलं. समोरच पलंगावर आत्या बसली होती, हातात लसूण. तिने आम्हाला पाहिलं आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. दादा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी आत पाऊल टाकणार होतो, त्यांनी काठी आडवी धरली.

“परतीचं इमान कवा हाय?” आत्याने लसणाला विचारलं.

“तू म्हनशील तवा,” दादा म्हणाले. “थांबवून आलोय त्याला.”

आत्याने मान वर केली नाही. पण खांदे हलायला लागले. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तेवढ्यात लसणाची वाटी फरशीवर पडली. तिने सुनेला हाक मारून भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. दोन्ही गुडघ्यांना हात लावत ती उठली, दाराशी आली आणि भावावरून तुकडा ओवाळून टाकला. त्याच्या डोळ्यांना पाणी लावताना म्हणाली की, लहानपणापासून हा असाच खोटं बोलतो. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता माझी पाळी. पण तिने माझ्यावरूनही तुकडा ओवाळला आणि काही म्हणाली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तीन दिवस आम्ही जेवलो. दुसरं काही केल्याचं आठवत नाही. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी आतेभावाने हौसेने आणलेली, श्रावण म्हणून भाज्यांची, बिर्याणी, ती दादांनी आणि मी त्याच हौसेने संपवली. आत्याला हॉटेलचं घरात चालतं, फक्त तिच्या भांड्यांना हात लावायचा नाही. बहीण-भाऊ सकाळी गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचे ते दुपारी उठायचे. कुणाची विहीर कशी भांडणात गेली, गावच्या प्रवरा नदीला कोणत्या साली किती पाणी आलं, त्यांच्या आईची नथ नेमकी कुणाकडे गेली. नथीवरून दुसऱ्या दिवशी चांगलं वाजलं, तासभर अबोला झाला, मग दादांनीच जाऊन तिच्यासमोर पानाचा डबा ठेवला. मी आणि आतेभाऊ आतल्या खोलीत हसत होतो.

पण येणार की नाही हे आत्या सांगत नव्हती. बॅग कपाटावरच होती. दादांनी विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही. तीन तिकिटं माझ्या मोबाईलमध्ये होती आणि मी ती दिवसातून कितीतरी वेळा उघडून बघत होतो. शेवटच्या दिवशी मी उठून बाहेर आलो तर आत्या न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून सोफ्यावर बसली होती. पायाशी भरलेली बॅग. माझ्याकडे बघून म्हणाली, किती वाजता निघायचंय? मी वेळ सांगितली. तीन तास आधी निघायचं म्हणाली, रस्त्याचा भरवसा नाही. या बाबतीत ती माझीच आत्या.

विमानतळावर चाकाची खुर्ची तिने आधी नाकारली, मग दोन पावलं चालून घेतली, आणि एकदा बसल्यावर ती तिला इतकी आवडली की ढकलणाऱ्या मुलीला तिने कुठली, कोणाची, लग्न झालं का असं सगळं विचारून घेतलं. विमानात तिला खिडकीची जागा दिली, शेजारी दादा, मी मधल्या वाटेपलीकडच्या खुर्चीत. पंचमीचा आदला दिवस म्हणजे बहिणीने भावासाठी धरायचा उपास, त्यामुळे आत्या काही खाणार नव्हती. सुनेने डबा दिला होता. दादा संकोचून डबा मांडीवर घेऊन बसले. आत्याने झाकण काढून त्यांच्या पुढ्यात धरलं आणि फर्मावलं की उपास तुझ्यासाठी आहे, तू उपाशी राहिलास तर माझा फुकट जाईल. ते खाऊ लागले. ती बघत राहिली. मग खाली दिसणाऱ्या प्रत्येक नदीला तिने परवरा म्हटलं. दादांनी एकदाही दुरुस्त केलं नाही, मीच दोनदा केलं.

नथीचा विषय तिने पुन्हा काढला होता. नथ नेमकी कोणत्या ट्रंकेत होती इथवर गोष्ट आली आणि विमान खाली यायला लागलं. ढग संपले, काकडीचा माळ दिसला, चाकं टेकली. आत्या बोलता बोलता थांबली.

“ह्ये काय आलं?” तिने विचारलं.

मी म्हणालो, शिर्डी, आत्या. आलो आपण. इथून तासाभरात कोल्हार. तिने किती वेळ झाला ते विचारलं आणि मी घड्याळ बघून सांगितलं, एक तास बावीस मिनिटं. वेळेच्या तीन मिनिटं आधी आलो होतो, तेही सांगून टाकलं.

ती खिडकीतून माळाकडे बघत राहिली. मग दादांच्या पलीकडून वाकून तिने माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. स्टँडवरच्या खिडकीत लोक विचारतात तसं, खरोखर माहीत करून घ्यायचं म्हणून तिने विचारलं.

“एवढंच हाय व्हय अंतर? मंग सा वरसं कुटं लागली रं?”

दादा डब्याचं झाकण लावत होते, ते लावतच राहिले. आसपास लोक उठून बॅगा काढत होते. इतकी वर्षं मी प्रत्येक उशिराचं कारण भोंग्यावर सांगत आलो. टायर, घाट, पूर, मोर्चा. सगळी कारणं मला पाठ आहेत. त्यातलं एकही तिच्यापुढे काढायची मला हिंमत झाली नाही.

“चुकलं माझं, आत्या,” मी म्हणालो.

खाली चाकाची खुर्ची घेऊन माणूस उभा होता. आत्याने दारातून त्याला हातानेच नको म्हटलं. माहेरात आपल्या पायांनी उतरायचं होतं तिला. पायऱ्या चारपाचच होत्या, पण चांगल्या उंच होत्या, आणि गार वाऱ्याने तिचा पदर उडत होता. दादा काठी टेकत आधी उतरले आणि खालून तिच्याकडे बघत थांबले.

“बरं,” ती मला म्हणाली. “हात दे आता.”